रंगापूर्वीचे काम



रंगाचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे बहुतेक लोक रंगांचीच नावे सांगतात. अमुक काळी हिंगूळ होता, तमुक काळी नीळ होती, पुढे विलायती डबे आले, असा तो क्रम असतो. परंतु ज्या वस्तूवर रंग बसावयाचा, ती वस्तू त्याआधी कोणाच्या हाताखालून गेली, तिला कोणी घासले, कोणी धुतले, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. आजच्या व्याख्यानात आम्ही या नोंद नसलेल्या कामाचा मागोवा घेणार आहोत, आणि तोही मोटारीच्या प्लास्टिकच्या भागांच्या निमित्ताने. बंपरला रंग देणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काहींच्या मनात येईल. पण बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर आज ज्यांच्याकडे गाडी नाही अशी घरे थोडी, आणि ज्यांच्या गाडीच्या रंगाचे कधी पोपडे निघाले नाहीत अशी त्याहून थोडी. तेव्हा विषय घरचाच आहे.

आपल्या मुलखात रंगापूर्वीचे काम नवे नाही. बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाची शिंगे साळतो, मग त्यांना हिंगूळ लावतो, वर बेगड चिकटवतो. शिंगे न साळता रंग लावला तर तो मिरवणूक वेशीपर्यंत जाण्याआधीच उडेल, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. शिंग हा पदार्थ ऊब दिली की मऊ होणारा, लांब लांब रेणूंच्या साखळ्यांनी बनलेला आहे. म्हणजे नात्याने तो आजच्या प्लास्टिकचा वडीलभाऊच. दुसरे उदाहरण कल्हईवाल्याचे. तो पातेले भट्टीवर धरतो, नवसागराची पूड टाकतो, कापसाच्या बोळ्याने पुसतो आणि मगच कथील फिरवतो. नवसागर तांब्यावरचा मळकट थर काढून टाकतो, आणि उघड्या पडलेल्या स्वच्छ धातूवर कथील पसरते. नवसागर टाकला नाही, तर कथलाच्या गोळ्या होऊन त्या पातेल्यात घरंगळतात. घरंगळणाऱ्या या गोळ्या श्रोत्यांनी ध्यानात ठेवाव्या. आमचे पुढचे सारे विवेचन त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

आता मोटारीकडे वळू. या गोष्टीचा एक धागा थेट इंदापूर तालुक्यातून निघतो. 1882 साली सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी 1930 नंतरच्या दशकात या तालुक्यातील कळंब येथे साखर कारखाना उभारला, आणि त्या वसाहतीस पुढे वालचंदनगर हे नाव मिळाले. त्याच वालचंदांनी 1944 मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून तिची पहिली मोटार बाहेर पडली. वालचंद 1953 मध्ये वारले; परंतु त्यांच्या कंपनीने इटलीच्या फियाटशी करार करून काढलेली गाडी, जी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली, ती तीन पिढ्यांनी वापरली. मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. ती गाडी नखशिखान्त लोखंडी होती. तिचा बंपरसुद्धा पोलादी पट्टीचा, वर क्रोमचा मुलामा दिलेला. त्याला रंगाचा प्रश्नच नव्हता. बंपर वाकला की ठोकून सरळ करावयाचा, आणि मुलामा गेला की दुसरा बसवावयाचा.

या लोखंडी युगात आपल्याकडील गाडी रंगविणाऱ्यांची विद्या तयार झाली. मोटारीच्या आरंभीच्या काळात जगभर गाड्यांना बग्ग्यांप्रमाणेच कुंचल्याने वार्निशाचे हात देत असत, आणि ते वाळावयास आठवडे लागत. 1923 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांना ड्यू पाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा लवकर वाळणारा, फवाऱ्याने मारावयाचा रंग दिला गेला, आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. या ड्यूकोचे नाव इतके रुळले की आपल्याकडे फवाऱ्याने दिलेल्या कोणत्याही रंगास लोक ‘ड्यूको’च म्हणू लागले, लाकडी कपाटालाही ‘ड्यूको मारून’ घेणारे आजही आहेत. रंग लवकर वाळू लागला, तरी खालचे काम मात्र तेच राहिले. गंज खरवडावा, पत्रा उघडा करावा, तेल पुसावे, रेड ऑक्साइडचा प्रायमर द्यावा, खड्ड्यात लांबी भरावी, पाणी सोडून पॉलिश पेपरने घासावे, आणि मग रंग मारावा. लोखंड हा रंगाचा मोठा चांगला यजमान आहे. त्याच्या पृष्ठभागावर प्राणवायूशी संयोग झालेला सूक्ष्म थर असतो, तो रंगातील रेणूंना धरून ठेवतो. त्यामुळे पत्रा नीट स्वच्छ केला की रंग बसतोच, असा कारागिरांचा अनुभव झाला. आणि पन्नास वर्षांचा अनुभव म्हणजे जवळजवळ धर्मच.

मग प्लास्टिक आले. ते एकाएकी आले नाही. लिओ बेकलंडने 1907 मध्ये बेकेलाइट बनविले, आणि काही वर्षांतच विजेच्या बटणांपासून टेलिफोनपर्यंत त्याचा संचार झाला. 1941 मध्ये हेन्री फोर्डने सोयाबीनचा अंश असलेल्या प्लास्टिकच्या तक्त्यांची एक गाडी लोकांस दाखविली. पण ती दाखविण्यापुरतीच राहिली. 1953 मध्ये शेव्हरोलेची कॉर्व्हेट काचतंतूंच्या अंगाने बाजारात आली. खरे वळण पडले ते 1954 मध्ये. त्या वर्षी इटलीतील ज्यूलिओ नाट्टा यांनी पॉलिप्रॉपिलिन नावाचे प्लास्टिक सुव्यवस्थित साखळ्यांच्या रूपात बनवून दाखविले. या कामाबद्दल त्यांस कार्ल त्सीग्लर यांच्यासह 1963 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्लास्टिक स्वस्त, हलके आणि चिवट होते. आम्लाला किंवा पेट्रोलला सहज दाद न देणारे होते. त्यात रबराचा अंश मिसळला की ते आघात सोसून पुन्हा आपल्या आकारात येऊ लागले. मोटार बनविणाऱ्यांस याहून अधिक काय हवे होते? 1968 मध्ये अमेरिकेत पाँटियाकने गाडीच्याच रंगाचा लवचीक बंपर बसविला, 1972 मध्ये फ्रान्समध्ये रेनो 5 या छोट्या गाडीने प्लास्टिकचे बंपर सर्वसामान्यांच्या दारी नेले, आणि पुढे पोलादी पट्टी हळूहळू दिसेनाशी झाली. आपल्याकडे 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, तिचे बंपर प्लास्टिकचे होते. सुरुवातीस ते काळे किंवा करडेच ठेवीत, रंगवीत नसत. पुढे ग्राहकास बंपरही गाडीच्याच रंगाचा हवासा वाटू लागला, आणि इथे रंगाऱ्याच्या नशिबाचे फासे पालटले.

पत्र्यावर तीस वर्षे टिकणारा हात प्लास्टिकवर तीन महिन्यांत सुटू लागला. पाण्याच्या फवाऱ्याने गाडी धुतली की रंगाचा पापुद्रा केळीच्या सालीसारखा निघून यावा, आणि खालचा काळा बंपर जणू काही झालेच नाही असा चकचकीत दिसावा, असे प्रकार घडू लागले. ग्राहक म्हणे रंग खोटा. रंगारी म्हणे डबा खोटा. डबा विकणारा म्हणे हात खोटा. वस्तुतः तिघांचेही चुकत होते. खोटा होता तो अनुभव. म्हणजे लोखंडावरचा खरा अनुभव प्लास्टिकवर नेला गेल्यामुळे खोटा ठरला होता.

याचे कारण त्या कल्हईच्या गोळ्यांत आहे. कोणत्याही घन पदार्थाच्या पृष्ठभागावर दुसऱ्यास ओढून धरण्याची काही एक शक्ती असते. शास्त्रज्ञ ती मिलिन्यूटन प्रति मीटर या मापात मोजतात. पॉलिप्रॉपिलिनची ही शक्ती 30 च्या आसपास भरते. रंग चांगला बसावयास ती 38 ते 40 च्या वर असावी, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. हे प्लास्टिक कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांचे, मेणाच्या जातीचे आहे. मेणबत्तीवर पाणी टाकले तर जसे थेंब होऊन ओघळते, तसा रंगही या पृष्ठभागावर पडतो, वाळतो, पण त्याला धरीत नाही. जे गुण मोटार बनविणाऱ्यास आवडले, तेच गुण रंगाऱ्यास आडवे आले. पेट्रोलला दाद न देणारा पदार्थ रंगाला तरी का दाद देईल?

हा प्रश्न प्रथम मोटारवाल्यांस पडला नव्हता. 1950 च्या दशकात पॉलिथिनच्या बाटल्यांवर आणि पिशव्यांवर नाव छापावयाचे होते, आणि शाई बोटाने पुसली जात होती. तेव्हा असे आढळले की प्लास्टिकवरून ज्योत क्षणभर फिरविली, अथवा उच्च दाबाच्या विजेचा झोत सोडला, तर पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरात प्राणवायू शिरतो आणि शाई धरू लागते. हीच युक्ती पुढे मोटारींच्या कारखान्यांनी उचलली. दुसरी युक्ती अशी की, प्लास्टिकच्याच कुळातील पण क्लोरिन घातलेले एक राळेसारखे द्रव्य पातळ करून प्रथम फवारावयाचे. त्याची एक बाजू प्लास्टिकशी जमते, दुसरी रंगाशी. दोन अनोळखी घराण्यांत सोयरीक जुळविणाऱ्या मध्यस्थासारखे ते आहे. गॅरेजमध्ये त्यास ‘प्लास्टिक प्रायमर’ असे म्हणतात.

बारामतीचा या इतिहासात स्वतःचा वाटा आहे. येथील औद्योगिक वसाहतीत इटलीच्या पियाजिओ कंपनीचा कारखाना 1990 च्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला आणि तेथून ‘आपे’ ही तीनचाकी निघू लागली. 2012 मध्ये तेथेच वेस्पा स्कूटर बनू लागली. वेस्पा ही 1946 पासूनची गाडी. कोर्राडिनो दास्कानियो या विमानांच्या अभियंत्याने तिचे अंग दाबलेल्या पोलादी पत्र्याचे, सांगाडा आणि कवच एकच, असे कल्पिले होते, आणि तो पोलादी देह तिने आजतागायत सोडलेला नाही. पुढे 2016 मध्ये त्याच बारामतीतून एप्रिलियाची स्कूटर निघू लागली. तिचे बाह्यांग प्लास्टिकच्या तक्त्यांचे आहे. म्हणजे एकाच गावात, एकाच कंपनीच्या आवारात, रंगाचे दोन्ही यजमान शेजारी नांदत आहेत. नाट्टांच्या इटलीतून निघालेला पदार्थ आणि इटलीचीच स्कूटर या कऱ्हाकाठी येऊन भेटली, याचे आम्हांस कौतुक वाटते.

परंतु कारखान्याची गोष्ट निराळी आणि रस्त्याकडेच्या गॅरेजची निराळी. कारखान्यात यंत्र ज्योत फिरविते, धूळ गाळलेली हवा असते. भिगवण किंवा इंदापुरापाशी महामार्गालगत डेंटिंग-पेंटिंगचे दुकान मांडून बसलेल्या माणसाकडे कंप्रेसर, स्प्रे गन आणि दोन हात असतात. त्या दोन हातांनी जे करावयाचे, त्याचा क्रम आम्ही सांगतो. कारण या कामात क्रमातच सारे शास्त्र आहे.

प्रथम पदार्थ ओळखावा. बंपर उलटा केला की आतल्या बाजूस बहुधा अक्षरे कोरलेली असतात. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ‘ईपीडीएम’ म्हणजे त्यातील रबर, ‘टी’ आणि पुढे आकडा म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी शेकडा किती. ‘एबीएस’ असेल तर ते निराळे प्लास्टिक. ते रंग सहज धरते, पण कडक थिनरने तडकते. काही कारागीर तुकडा पाण्यात टाकून पाहतात, तरंगला तर पॉलिप्रॉपिलिन. शुद्ध मालास हे लागू पडते. परंतु शंखजिरे वीस टक्के असेल तर पॉलिप्रॉपिलिनही बुडते, म्हणून या परीक्षेवर विसंबू नये.

दुसरे काम धुण्याचे, आणि ते घासण्याच्या आधी. पुष्कळ ठिकाणी नेमके उलट होते. मळलेला भाग आधी घासला तर तेल आणि मेण ओरखड्यांत आणखी खोल जाऊन बसते आणि मग कशानेही निघत नाही. गाडी चमकविण्याच्या पॉलिशमधील सिलिकॉन तर फारच चिवट. त्याचा अंश राहिला की ओल्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. नव्या, न रंगविलेल्या भागास साच्यातून सुटा व्हावा म्हणून लावलेले द्रव्य चिकटलेले असते. ते काढावयास भाग सुमारे 60 अंश उष्णतेत तासभर ठेवून घाम फुटू द्यावा आणि पुसावा. पुसताना दोन फडकी हवीत: एक ओले करून मळ उचलावयास, दुसरे कोरडे, तो वाळण्यापूर्वी टिपावयास. एकाच फडक्याने पुसणे म्हणजे मळ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे.

येथे आपल्या मुलखाचा एक विशेष सांगितला पाहिजे. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला, आणि ऊस आला. पाण्याबरोबर मीठही वर आले. 1910 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मॅन यांनी ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे हे दुखणे शंभर वर्षांहून जुने आहे. जमीन खारी तसे पुष्कळ विहिरींचे आणि बोअरचे पाणीही खारे. त्या पाण्याने बंपर घासून तसाच वाळविला, की पृष्ठभागावर मिठाचे कण राहतात. वरून रंग दिला तरी दमट दिवसांत ते कण रंगातून पाणी आत ओढतात, आणि पावसाळ्याच्या अखेरीस रंगावर फोड येतात. ज्या मिठाने शेत चोपण केले तेच रंगही फोडते. उपाय साधा आहे: शेवटचे धुणे गोड्या, शुद्ध केलेल्या पाण्याने करावे आणि लगेच टिपावे. शिवाय हे पाणीच परीक्षकही होते. ओल्या पृष्ठभागावर पाण्याचा अखंड पडदा राहिला तर तो स्वच्छ. थेंब फुटून गोळ्या झाल्या तर अजून मेण शिल्लक आहे. मात्र उघडे पॉलिप्रॉपिलिन कितीही स्वच्छ असले तरी पाणी दूर लोटतेच. तेथे ही परीक्षा न लावता जुन्या रंगावर किंवा प्रायमरवर लावावी.

तिसरे काम घासण्याचे. पत्र्यावर चालणारा जाडा कागद येथे नको. मऊ प्लास्टिकवर त्याने केसासारखी लव उभी राहते, आणि ती रंगातून वर दिसते. चारशेपासून आठशेपर्यंतचा बारीक कागद, खाचाखोचांत करड्या रंगाची घासणी, आणि हलका हात. जुना रंग घट्ट असेल तर तो सगळा खरवडण्याचे कारण नाही. त्याची चमक तेवढी मारावी. जेथे काळे प्लास्टिक उघडे पडले तेथे मात्र मध्यस्थ प्रायमर पातळ हाताने दिलाच पाहिजे, आणि डब्यावर सांगितलेल्या वेळातच पुढचा थर आला पाहिजे. सोयरीक जुळवून वरात उशिरा नेली तर ती मोडते, तशातली गत.

चौथी गोष्ट उन्हाची. पोलाद एका अंश उष्णतेने जेवढे वाढते त्याच्या पाच ते आठ पट हे प्लास्टिक वाढते. दीड मीटरचा बंपर घ्या आणि पहाटेपासून दुपारपर्यंत 40 अंशांचा फरक धरा. चैत्र-वैशाखात उन्हात उभ्या काळ्या गाडीस तो सहज पडतो. तेवढ्याने पोलाद जेमतेम पाऊण मिलिमीटर वाढेल, प्लास्टिक मात्र साडेतीन ते सहा मिलिमीटर. अंगावरचा रंग तेवढा ताणला गेला पाहिजे. म्हणून प्लास्टिकवर पत्र्याची कडक लांबी भरू नये, लवचीक भरावी, आणि वरच्या थरात लवचीकपणा आणणारे द्रव्य घालावे.

शेवटी परीक्षा. दर्शनी नसलेल्या कडेवर पूर्ण वाळलेल्या रंगावर ब्लेडने उभ्याआडव्या बारीक रेघांची जाळी कापावी, चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढावी. चौकटी जागेवर राहिल्या तर काम खरे. या परीक्षेस मोठी यंत्रसामग्री लागत नाही, फक्त ती करण्याची तयारी लागते.

आता प्रश्न हा की, एवढे सगळे ठाऊक असता ते होत का नाही? उत्तर कटू आहे. फवारणी पाऊण तासात होते आणि ती गिऱ्हाइकास दिसते. तयारीस दिवस जातो आणि ती दिसत नाही. न दिसणाऱ्या कामाचे पैसे देण्यास आपण तयार नसतो. सकाळी गाडी सोडून संध्याकाळी हवी, आणि तीही लग्नाला जाण्यापूर्वी, असा आपला आग्रह असतो. मग रंगारी कोठे हात राखील? जेथे दिसत नाही तेथेच. रंग निघाला की आपण म्हणतो, नवा बंपर टाका. आणि जो दोन दिवसांच्या श्रमाने दहा वर्षे चालला असता, तो भंगारात जातो. कारागिराची मजुरी बुडते, ग्राहकाचे पैसे जातात, आणि प्लास्टिक कोठेतरी ओढ्याकाठी पडून राहते.

याहूनही मोठी किंमत रंगारी आपल्या छातीने देतो. 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी शोधलेल्या पॉलियुरेथेनच्या रसायनावर आजचे हार्डनर मिसळून मारावयाचे रंग आधारलेले आहेत. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासात गेला की दम्याचे दुखणे जडू शकते, आणि एकदा जडले की पुढे अगदी थोड्या वासानेही ते उसळते. मग त्या माणसास आपला धंदाच सोडावा लागतो. नाकावर बांधलेला रुमाल याला मुळीच अडवीत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरविणारा मुखवटा हाच खरा बचाव आहे. रंगापूर्वीच्या तयारीत बंपरची तयारी येते, तशी रंगविणाऱ्या माणसाचीही यावयास हवी.

इतिहास बहुधा विजयी वस्तूंचा लिहिला जातो. लोखंड गेले, प्लास्टिक आले, गाड्या हलक्या झाल्या, रंग झळकू लागले, हे सारे लिहिले जाईल. परंतु पदार्थ बदलला की त्याबरोबर एका पिढीच्या हातातले ज्ञान एकाएकी जुने होते, आणि नवे ज्ञान त्या हातांपर्यंत पोचावयास वर्षे लागतात, ही बाजू सहसा लिहिली जात नाही. नाट्टांचा शोध प्रयोगशाळेतून कारखान्यात यावयास थोडीच वर्षे लागली. मध्यस्थ प्रायमरचे साधे तत्त्व मात्र अजूनही प्रत्येक गॅरेजपर्यंत पोचलेले नाही. ते पोचविणे हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे काम आहे, रंग विकणाऱ्यांचे आहे, आणि काही अंशी तुमचे-आमचेही आहे. पुढच्या वेळी गाडी रंगवावयास द्याल तेव्हा कोणता रंग मारणार हे विचारण्याआधी, खाली काय देणार आणि त्यास किती वेळ हवा, हे विचारा. तो वेळ द्या, आणि त्याचे पैसे कुरकुर न करता द्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी शिंगे साळण्यात वेळ गेला म्हणून कोणी शेतकरी कधी हळहळत नाही.